बियाण्याला अक्काचा हात

मानवतच्या बाजारात मी सुतळी घेत होतो, तेव्हा गावचा किसन धापा टाकत आला. "बापू, घरी चला. अक्का गेल्या..." अक्का म्हणजे माझी दहा वर्षांनी मोठी बहीण, ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली. दीड महिना होऊन गेला, पण मला धड रडताही आलेलं नाही. कुठल्या तोंडानं रडू?

आमच्याकडे पेरणीच्या तिफणीमागे दोरीनं बांधलेला मोघा, म्हणजे बी सोडायची पोकळ नळी, बाईच्या हातात असतो. आमच्या शेतात तो अक्काच्या हातात असे. ज्वारीच्या पाच-सहा ओळी झाल्या की एक तुरीची, मधूनच मूग, कडेला अंबाडी. "पाऊस काय आपला नोकर हाय का? एक गेलं तर दुसरं जगंल," ती म्हणायची. मी निजामाच्या शाळेत उर्दूत चार यत्ता शिकलेला, म्हणजे शहाणाच! एका वर्षी पेठेतले कापसाचे ढीग पाहून आलो आणि ठरवलं, यंदा बांधापासून बांधापर्यंत कापूस. अक्का ऐकेना. तिफणीची पूजा सवाष्णीनं करायची अशी रीत, त्यामुळे पूजेला ती आपणहून मागं राहायची. मी नेमकं तेच काढलं. भर शेतात, गड्यांदेखत म्हणालो, "अक्का, तुझा हात नगं बियाला. लोक बोलायलेत." लोक काहीच बोलत नव्हते. तिनं मोघा माझ्याकडं दिला, ओटीतलं बी फडक्यात बांधलं, "बरं बापू" म्हणाली आणि बांधाबांधानं घरी गेली.

त्या वर्षी पोळ्यानंतर पावसानं तोंड दाखवलं नाही. कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला. ज्वारीच नाही, तर भाकरी कुठली आणि बैलांना कडबा कुठला? तिनं वासरापासून वाढवलेला बैल मी गंगाखेडच्या बाजारात नेला, तेव्हा ती चुलीपुढून उठली नाही. एका शब्दानं टोचली असती तर बरं झालं असतं. पुढच्या मृगात मी मोघा घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो. "तुझ्या बायकूला शिकवते. माझं झालं," एवढंच म्हणाली. शिकवलंही, अगदी जीव लावून. स्वतः मात्र पुन्हा मोघा धरला नाही... आणि माझी माफी वर्षानुवर्षं घशातच राहिली.

परवा पेरणीसाठी तुरीचं मडकं काढलं. कीड लागू नये म्हणून बियावर राख दाबायचं काम शेवटपर्यंत तिचंच होतं. झाकण उचललं, तर राखेवर तिचा पंजा उमटलेला, पाचही बोटं. ज्या हाताला मी बियापासून तोडलं, त्याच हातानं राखलेलं बी मी इतकी वर्षं पेरत होतो. मला मडक्यात हात घालवेना.

"काढा आता, रान सुकायलंय, वाफसा जायलाय," बायको म्हणाली. शेवटी तिनंच बी काढलं. पंजा मोडला. मी राख ओंजळीत घेऊन बसून राहिलो.