लाल दोऱ्याची कणसं

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान, माझ्या भाचीच्या पीएचडीच्या प्रयोगातली ज्वारीची सहा कणसं भाजून खाल्ली गेली. जागा कात्रजच्या पुढची, महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावातलं एक शेत. खाणारे शेतमालकाचे व्याही आणि त्यांच्यासोबत आलेली चार माणसं.

आम्हाला ते सोमवारी सकाळी कळलं.

भाची तेव्हा सदाशिव पेठेत माझ्याकडे राहायची. वनस्पतींमध्ये साखर घडवणारी जनुकं आणि विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हा तिचा विषय. ज्वारीचं पान दिवसभर साखर तयार करतं, ती दाण्यात उतरते आणि काही दिवस दाणा गोड राहतो. मग दुसरी विकरं त्या साखरेचं पिठूळ स्टार्च करायला लागतात. साखरेची जनुकं नेमकी कोणत्या दिवशी मंदावतात, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी कणीस फुलोऱ्यात आलं की त्याच दिवशी दोरा बांधून तारखेची चिठ्ठी लावायची. मग पाचव्या, दहाव्या, पंधराव्या आणि विसाव्या दिवशी ठरलेली कणसं, खालच्या पानासकट, अकरा वाजता तोडून गोठवण्यासाठी द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये टाकायची. वेळ चुकवायची नाही, कारण ऊन बदललं की विकरांचं काम बदलतं. पहिल्या तीन तोडण्या झाल्या होत्या. विसावा दिवस मंगळवारी होता.

दोरा लाल घ्यावा हे मी सुचवलं होतं. लांबून दिसतो म्हणून.

सोमवारी जायची गरज नव्हती. पण कणसं मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शनिवारीही ती मोजून आली होती; सोमवारी मी तिला गाडीने घेऊन गेलो. ओळीत आणखी सहा ताटं कणसाविना उभी होती. भाची ती ओळ तीनदा चालली. मग गोठ्यामागे गेली. तिथे हुरडा भाजायची आगटी होती, आणि राखेत अर्धी जळालेली एक चिठ्ठी. अक्षर तिचंच होतं.

मालकीणबाई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. "अगं बाई, ती ठेवायची व्हती व्हय? तू निवडून दोरं बांधलेलंस. मला वाटलं, गोड तेवढी खुणावून ठेवलीस. व्याह्यांस्नी काय पाखरांनी टोचलेली वाढू?"

"गोड मात्र व्हती," मालक खाटेवरून म्हणाले.

"तुम्ही गप बसा."

भाचीने तिथूनच तिच्या गाईड मॅडमना फोन लावला. स्पीकरवर.

"मॅडम, सहाही गेली. हुरड्यात."

"बरोबर चटणी शेंगदाण्याची होती की जवसाची? तेवढा तरी डेटा येऊ दे."

भाचीने राखेतली चिठ्ठी उचलून वहीत ठेवली.

"शेतात बाकी कणसं आहेत ना? त्यांचा फुलोऱ्याचा दिवस माहीत आहे?"

"नाही."

"मग ती ज्वारी आहे. नमुना नाही."

पुढची ज्वारी फुलोऱ्यात यायला डिसेंबर उजाडला असता. तिची फेलोशिप जूनमध्ये संपत होती. विसाव्या दिवसाशिवाय तो अध्याय प्रबंधातून गाळावा लागणार होता. ती बांधावरून फेऱ्या मारू लागली. मी दोनदा "निघू या" म्हणालो. तिने ऐकलं नाही.

तेव्हा मालक उठून आले. "त्या भितीकडची बघ की. सोसायटीच्या दिव्यानं येडी झालीत. आत्ता कुठं फुलायला लागलीत."

ते खरं होतं. रात्री लांबल्या की ज्वारी फुलते. शेजारच्या सोसायटीच्या कुंपणाचा मोठा दिवा रात्रभर त्या एका ओळीवर पडायचा, आणि ती ओळ बाकी शेताच्या बरीच मागे राहिली होती. कणसांवर पिवळे पुंकेसर त्याच सकाळी बाहेर आलेले दिसत होते.

मॅडमना पुन्हा फोन झाला. त्या म्हणाल्या, "घे. परिस्थिती वेगळी आहे, हे लिहायला लाजू नकोस."

भाचीने पिशवीतून लाल रीळ काढलं. मालकीणबाईंनी तिचा हात धरला. "काळा बांध. काळ्याला कुणी हात लावत न्हाई." काळा दोरा त्यांनीच आणून दिला. सहा कणसांना तो बांधला.

पुढचे एकोणीस दिवस ती एक दिवसाआड शेतावर जायची. चहा अर्धा टाकून उठायची. घरी असली की मालकांना फोन करायची, आणि फोन उचलला नाही की मला गाडीची किल्ली मागायची. मीही वर्तमानपत्राच्या कार्यालयात एकच मथळा दोन-दोनदा वाचत होतो. बाराव्या दिवशी कुंपणाचा दिवा बंद पडला. अर्ध्या प्रयोगात परिस्थिती बदलायला नको म्हणून तिने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं.

"अहो मॅडम, दिवा बंद करा म्हणून त्या शेतातून दोन वर्षं अर्ज येतायत," ते म्हणाले. "चालू करा म्हणणाऱ्या आपण पहिल्याच. आधी आपसात ठरवा, मग या."

दुसऱ्या दिवशी दिवा लागला. मालक त्यानंतर आठवडाभर भाचीशी बोलले नाहीत. मालकीणबाई मात्र सकाळ-संध्याकाळ पाखरं उडवायला थाळी वाजवत त्या ओळीशी बसायच्या. सतराव्या दिवशी पोपटांनी एक कणीस नेलं.

विसाव्या दिवशी अकरा वाजता पाच कणसं तोडली. अकरा वाजून सहा मिनिटांनी कॅनचं झाकण लागलं.

प्रबंध जूनमध्ये सादर झाला. साखरेच्या जनुकांच्या आलेखात पहिले तीन ठिपके भरीव आहेत, चौथा पोकळ. खाली तळटीप आहे: पाच कणसं, कुंपणाच्या दिव्याखालची ओळ.