धुऱ्यात आडवा पडलेला मुलगा

गावाच्या वेशीवर कमान उभी राहत होती. तिच्यावर आमच्या गावच्या एका स्वातंत्र्यसैनिकाचा दगडी फलक बसवायचा होता आणि मजकुराचं काम समितीनं माझ्याकडे दिलं. मी निवृत्त शिक्षिका, शिवाय माझे बाबूजीही इथेच मास्तर होते. अध्यक्षांनी एकच अट घातली. त्यांच्या लहानपणची ती धुऱ्याची गोष्ट फलकावर आलीच पाहिजे.

गोष्ट मला बाबूजींनीच सांगितलेली. भर पावसात धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा मातीचा बांध, फुटला, आणि पाणी वाहून जाऊ नये म्हणून हा लहानगा बाप येईपर्यंत त्या भगदाडात आडवा पडून राहिला. पुढचं थोडं विसरले होते. त्याला ताप आला की बापानं कडेवर घेतलं, ते आठवेना.

लिहायला बसले आणि पेन अडलं. रोवण्याच्या दिवसांत मीही चिखलात वाढले आहे. धुरा फुटला तर कोणीही दोन फावडी चिखल टाकतो, वर पाय देऊन दाबतो. आडवं कशाला पडायचं? गुरूच्या शेताच्या फुटलेल्या बांधात आडवा पडणाऱ्या शिष्याची महाभारतातली कथा आम्ही शाळेत शिकवायचो. तीच इथल्या मातीत लोळवून आणल्यासारखी वाटू लागली.

गावात विचारलं तर कोणी धुरा म्हणे, कोणी बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, पाळ. पाहिलेलं कोणीच नव्हतं. शेवटी एकोडीला त्या स्वातंत्र्यसैनिकांची पुतणी राहते, तिच्याकडे गेले. वय झालेली, पण बोलणं खणखणीत. तिनं चहा ठेवला आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"काकाजीले पान्याचं लई भेव होतं," ती म्हणाली. "बोडीत कधी उतरले नाही. ते कायले भगदाडात झोपतील?"

मग ही गोष्ट आली कुठून, असं मी विचारलं. 

"तुया बाबूजीनं सांगतली. काकाजीच्या सत्कारात, माइकवर."

मला राग आला. असं काही घडलं नाही, हे काकांनी तिथेच का सांगितलं नाही, असं मी जरा तोडूनच विचारलं. घरी आल्यावर तिच्या आईनंही तेच विचारलं होतं म्हणे. काका म्हणाले, मास्तर भल्या मनाचे आहेत, त्यायले चारचौघात खोटं काहून पाडू?

परतताना बसमध्ये मी पुतणीवरच संशय घेत राहिले. कमानीच्या समितीनं तिला साधं बोलावलंही नव्हतं. त्याचा राग ती माझ्या बापावर काढत असेल का?

म्हणून अड्याळला गेले. तिथे बाबूजींचे जुने सहकारी गुरुजी राहतात, त्या सत्काराला ते बाबूजींसोबतच गेले होते. मी पुतणीचं नाव काढलं नाही. नुसतं त्या दिवसाबद्दल विचारलं. ते हसले. जाताना बाबूजी सारखं विचारत होते म्हणे, यांच्या लहानपणचं काही ठाऊक आहे का? कोणालाच नव्हतं.

"आणि स्टेजवर चढल्यावर बरोबर सुचलं त्याले," गुरुजी म्हणाले. "लोकायले डोये पुसताना पाह्यलं मी. मंग काय बोलणार?"

अध्यक्षांकडे जाऊन मी सांगितलं की गोष्ट लिहिणार नाही. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. एकोडीवाल्यांनी माझे कान भरले की काय, असं विचारलं. मग मात्र मला सांगावंच लागलं की गोष्ट माझ्या बाबूजींनी रचलेली आहे.

 ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मास्तरांनी सांगितली असेल, तर खरीच असेल, मॅडम. मास्तर खोटं बोलत नव्हते."

 फलकावर मी स्वातंत्र्यसैनिकांचं गाव, तुरुंगवास आणि नंतरचं काम एवढंच लिहिलं. अध्यक्ष नाराज झाले, पण दगड तसाच कोरला गेला. पुतणीला मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं.

त्या दिवसांपासून एक खोड लागली आहे. बाबूजींनी सांगितलेली एखादी गोष्ट आठवली, अगदी आजोबांची, आमच्या घराण्याची, तरी आधी मनात येतं, ही सांगितली तेव्हा समोर कोण बसलं होतं?