पंपाच्या स्प्रिंगला लाल दोरा

त्या दसऱ्याला मी जीपचं बॉनेट गुपचूप उघडलं. नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. शिनोलीच्या वर, डोंगरकडेला आमचं गाव आणि दारात जुनी डिझेल जीप. इंजिनाला कुणी हात लावलेला आमच्या ह्यांना खपत नसे. पण लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, तिला याच गाडीतून घोडेगावच्या दवाखान्यात न्यायची. मी स्वतःला लई हुशार समजायची. टायरला झेंडू बांधून काय होतंय, गाडीचा जीव तर आत! मग आत वाकले. डिझेलच्या पंपाजवळ एक स्प्रिंग दिसली, तिला हळदकुंकू लावलं आणि देवाचा लाल दोरा गुंडाळला. वर पाच गाठी.

दुसऱ्या दिवसापासून पाय काढला तरी रेस चटकन उतरेना. ह्यांनी फिल्टर बदललं, डिझेलच्या नळीतली हवा काढली, केबलला तेल पाजलं. कुणी हात लावला का, म्हणून विचारलं तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते. घालतच राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. मागच्या सीटवर ती आडवी, पुढं मी. उतार लागला आणि रेस वर गेली ती गेलीच. ह्यांनी क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. चावी फिरवली, पण जुनं डिझेल इंजिन चावीला कुठलं ऐकतंय! वळण समोर, खाली दरी, ब्रेकचा जळका वास. ह्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर. "बंद करायची मूठ वढ, तुझ्याम्होरं हाय," हे म्हणाले. मी डोळे मिटून देवाला हात जोडलेले.

मागून लेक कण्हत म्हणाली, "आये, हात सोड अन् ती मूठ वढ आधी."

ओढली. इंजिन गप झालं. गाडी कठड्याला घासून थांबली. मला वाटलं, लेकही गप झाली. मागं वळून बघायचा धीर होईना. मग ती पुन्हा कण्हली, तेव्हा कुठं मी मागं वळले.

उतारानं तशीच गाडी सोडत शिनोलीपर्यंत आणली. तिथल्या गॅरेजचे म्हातारे मिस्त्री जुन्नरचे मुसलमान. त्यांनी पंपाची रेस देणारी दांडी हलवली, ती परत येईना. बोटं घालून स्प्रिंगच्या वेढ्यातून तेलानं काळाकुट्ट झालेला दोरा उपसला. एका टोकाला अजून हळद होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोरा मुठीत लपवून ते ह्यांना म्हणाले, "कचरा अडकला व्हता भाऊ. निघा आता, पोरीला न्या."

दिवस मावळायच्या आत नात झाली, रडली. मी मात्र तिच्याआधीपासून रडत होते.

पुढच्या दसऱ्याला ह्यांनी पूजेचं ताट स्वतः माझ्या हातात दिलं. मग बॉनेटवर चढून बसले.

"कर आता पूजा," म्हणाले, "भायेरनंच."