हमीदचाचांचा गुलाबी फेटा

हमीदचाचांच्या साठीच्या मंगल प्रसंगी मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. शिरूरच्या रुग्णालयाच्या ओसरीवरील बाकावर त्यांनी मला वर्षानुवर्षे बसू दिले नाही. वृत्तपत्रसृष्टीचा हा अवमान मी उभ्याने सोसला. गेल्या पंधरवड्यापासून बसू देतात, कारण माझी आई तेथे दाखल आहे.

आमची पहिली ओळख त्या बाकावरूनच झाली. नव्या प्रसूतिकक्षाची बातमी घ्यायला मी गेलो आणि टेकलो. चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या चाचांचा प्रश्न आला, “तुम्ही कुणाचं कोण?”

“मी वार्ताहर.”

“ते हाय वो. आत कोण हाय तुमचं?”

“कोणी नाही.”

“मग उठा. बाक नातेवाइकांचा हाय.”

अखिल विश्वच माझे आप्त आहे, असे मी संस्कृताच्या आधारे प्रतिपादन केले. चाचा म्हणाले, “मग त्येंना बसू द्या, शास्त्रीबुवा!” तेव्हापासून मी शास्त्रीबुवा झालो आणि उभाच राहिलो.

रुग्णांची खुशाली गावोगावी पोचवण्याची त्यांची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. शेतीची कामे टाकून नातेवाइकांना रोज येणे जमत नाही. म्हणून बाजारच्या दिवशी चाचा भाजीच्या ओळीपाशी उभे राहून हाळी देतात, “कवठ्याची पारूबाई! टाकं काढलं! भाकरी खाती, आन् सुनेवर वरडती!” कवठ्याचा जो कोणी बाजाराला आलेला असेल, तो हे वृत्त संध्याकाळी घरपोच करतो. माझी बातमी पुण्याहून छापून येईपर्यंत पारूबाई स्वतःच घरी पोचलेल्या असतात.

वाईट बातमीची मात्र ते हाळी देत नाहीत. ती घेऊन ते स्वतः एसटीने जातात, दारी बसतात, पाणी मागतात आणि मग सांगतात. मी एकदा कारण विचारले. “आसली बातमी एकटी धाडू न्हाई,” एवढेच म्हणाले.

या सौजन्याचा एक अनर्थ निमोण्यास घडला. नातवाच्या लग्नाला रुग्णालयातून उठून जाता येईना, म्हणून त्या गावच्या आप्पांनी आपल्या वतीने चाचांना धाडले. चाचा मांडवाकडे येताना दिसताच सनई थांबली आणि बायकांनी हंबरडा फोडला. चाचा बांधावरूनच ओरडले, “आवो, आप्पा खुशाल हायेत! मी जेवाया आलोय!”

मांडवातून कोणीतरी वैतागून म्हणाले, “मग आदी सांगायचं न्हाई व्हय, चाचा?”

त्यानंतर चाचांनी गुलाबी फेटा घेतला. एरवी डोक्यावर साधी पांढरी टोपी. आनंदाच्या कामी गावात शिरायचे, तर फेटा. लांबून रंग दिसला की माणसे चुलीवर चहा ठेवतात.

आईला दाखल केले, त्या दिवशी चाचांनी खांद्यावरच्या रुमालाने बाक झटकला. “बसा, शास्त्रीबुवा,” म्हणाले. विनोद केला नाही. मी बसलो. ज्या आसनासाठी इतकी वर्षे झुरलो, ते इतके कठीण असेल असे वाटले नव्हते.

चाचांना उदंड आयुष्य लाभो. एसटीच्या पायऱ्या चढताना त्यांचे गुडघे न कुरकुरोत, आणि बाजारातला त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो. तक्रार मी मागे घेतो. खरे सांगायचे तर, आई घरी परत येईल की नाही, याची मला फार भीती वाटते. रात्री मी दौंडला परततो; तेथे आमचे घर रस्त्याच्या कडेलाच आहे. येणारा माणूस लांबून दिसतो.

चाचा, याल तेव्हा फेटा बांधून या.