रुमालाखालचा हात

गफूरमामा आधी बैलाची खोड ओरडून सांगायचे आणि मगच खांद्यावरचा रुमाल काढायचे. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात दलाल पुष्कळ, पण असला येडा दलाल हा एकच, असं बाकीचे दलाल म्हणत. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल रुमालाखाली घेणाऱ्याचा हात धरतो, बोटं दाबून आकडा सांगतो, मग तसाच विकणाऱ्याचा हात धरतो. भोवती कितीही गर्दी असो, कुणाला काही कळत नाही. त्या रुमालाखाली बैलाची खोडही झाकून जावी असं विकणाऱ्याला वाटतंच. मामा मात्र बैलाच्या पाठीवर थाप मारून सांगत, "ह्यो पान्याला बुजतोय बरं का! वढ्यात उतरायचा न्हाई! मंजूर आसंल त्यानंच हात द्या!" विकणारा बिचारा कपाळाला हात लावी.

"भाव झाकायचा आसतो, खोड न्हाई," मामा त्याला समजावत. "खोड झाकली की बैल घेनाऱ्याच्या दावनीला जातो आन् भांडन माझ्या दारात येतं."

मामा आमच्या नात्यातले नव्हेत. आजोबांचे सगळे बैल त्यांच्याच हातून आले, एवढीच ओळख. पण माझ्या आईवडिलांचा काडीमोड झाला तेव्हा मी दुसरीत होते, आणि पंचांनी मला आईकडे, घोडेगावला आजोबांच्या घरी ठेवलं. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुटी वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे, शेवगावकडच्या त्यांच्या गावी. आईनं तिथल्या तिथं ठासून सांगितलं होतं, की यांनी दुसरी बायको केली तर सावत्र आईच्या हाताखाली माझी पोर मी धाडणार नाही. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. मग पोरीचं कुणी कुणाला कळवायचं? अण्णा बैलांचे शौकीन, काही घ्यायचं नसलं तरी शुक्रवारचा बाजार चुकवत नसत. आजोबा म्हणाले, गफूर कळवील. झालं! त्या भल्या माणसाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दर शुक्रवारी बाजाराआधी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसत. आई दाराआडून सुरू करी, "त्या माणसाला म्हणावं, पोर अनवाणी शाळेत जातीय, डोळे फुटलेत का तुमचे? का बैलांच्या झुली शिवण्यातच सगळं गेलं?" मामा शांतपणे ऐकून घेत. बाजारात अण्णांना गाठून म्हणत, "सुमीला चपला लागत्यात." तिकडून अण्णाही काही कमी बोलत नसणार, पण संध्याकाळी आमच्याकडे फक्त चपला येत. मी एकदा विचारलं, "मामा, आईनं एवढं सगळं सांगितलं, ते कुठं गेलं?" तर म्हणाले, "शिव्या मी वाटंतच उतरून ठिवतो, पोरी. तेवढंच वझं कमी."

तिसरीत मला मोठा ताप आला आणि तो उतरल्यावर फिट येऊ लागल्या. चुलीपुढे बसल्या बसल्या डोळे फिरायचे, हातपाय वाकडे व्हायचे, मग बराच वेळ काही कळायचं नाही. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, विस्तव आणि पाणी यांच्याजवळ हिला एकटी सोडायची नाही. आईनं घरी येऊन पहिल्यांदा काय केलं असेल, तर मामांना बोलावून माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला. "मामा, हे तिकडं जाता कामा नये. पोर सांभाळता येत नाही म्हणून ते हिला ओढून नेतील. आणि बोभाटा झाला तर हिला जन्मात कोण करणार?" मामांनी हात ठेवला, पण त्यांचा चेहरा एवढासा झाला.

पुढं दिवाळीला मला खोकला आहे असं सांगून आईनं घरीच ठेवलं. बाकी दर शुक्रवारी अण्णा विचारायचे आणि मामा सांगायचे, "पोरगी बरी हाय." काय यातना झाल्या असतील त्या माणसाला! वर अण्णांनीही गुपचूप दुसरं लग्न उरकलं आणि मामांनाच शपथ घातली, की घोडेगावला हे कळू द्यायचं नाही, नाहीतर ती पोरगी पाठवायची नाही. म्हणजे दोन्हीकडच्या खोडी एकट्या मामांच्या पोटात. हे मला अर्थातच पुष्कळ उशिरा समजलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की मामा ओट्यावर बसले की लवकर उठत नाहीत.

त्यात दुष्काळाचं साल. बाजार भरायचा तो नुसता विकणाऱ्यांचा. हाडं वर आलेली जनावरं आणि त्यांच्या तोंडाकडे न बघणारे मालक. घेणारा औषधाला नाही. मामांच्या रुमालाची घडी दिवसभर मोडत नसे. "आता खोड तरी कशाची सांगायची?" ते आजोबांना म्हणाले. "भुकेला काय खोड म्हनायचं? लई दमलो, दादा."

उन्हाळ्याची सुटी लागली. आता खोकल्याचं सोंग चालण्यासारखं नव्हतं. अण्णांनी निरोप धाडला, शुक्रवारी बाजारातूनच पोरीला नेतो. अण्णांचं घर मळ्यात, दारातच विहीर. आईला रात्र रात्र झोप नव्हती, पण तोंड उघडायला तयार नव्हती. माझ्या परकराच्या नेफ्यात गोळ्यांची पुडी शिवली आणि म्हणाली, "गुपचूप घे. कुणाला दाखवू नकोस."

शुक्रवारी मामा मला न्यायला आले आणि आईला म्हणाले, "तूबी चल." बैलबाजारात बायका जात नाहीत. आई नको नको म्हणत होती. मामा म्हणाले, "तू आलीस तर पोर जाईल. न्हाईतर मी नेत न्हाई. हिरीत काय झालं तर मी अल्लाला काय तोंड दावू?"

लिंबाखाली अण्णा उभे होते. आईला बघून त्यांनी मान फिरवली. मामांनी दोघांना खाली बसवलं, मधे आपण बसले आणि रुमाल काढला. सवयीनंच अण्णांनी हात दिला. आईचा हात मामांनी स्वतःच ओढून घेतला. बघणाऱ्यांना वाटलं, गाईचा सौदा चाललाय.

"बैलाची खोड मी वरडून सांगतो," मामा हळू म्हणाले. "पर ही पोर हाय, माल न्हाई. म्हनून हिचं झाकून सांगायचं. पर सांगायचं! तुमा दोघांचंबी माझ्यापाशी हाय, आन् मला आता पेलत न्हाई."

असं म्हणून त्यांनी रुमालाखाली आईचा हात अण्णांच्या हातात दिला आणि आपला हात काढून घेतला. मग उठले, मला कडेला नेलं आणि आम्ही दोघं एका म्हशीकडे बघत उभे राहिलो. मागं आईचा आवाज ऐकू येत होता, मग अण्णांचा. मी वळून पाहिलं, तर आई पदरानं डोळे पुसत होती आणि रुमाल अजून तसाच होता.

दुसऱ्या लग्नाचं कळूनही आईनं मला अण्णांकडे धाडलं, आणि गोळ्यांची पुडी नेफ्यात नव्हे, अण्णांच्या खिशात होती. त्यांची नवी बायको, हौसामावशी, झोपताना माझं मनगट आपल्या पदराला बांधून झोपायची. एकदा चुलीपाशी फिट आली तेव्हा तिनंच मला मागं ओढलं. तिचा हात भाजला, माझं काही झालं नाही.

आईनं मात्र मामांना माफ केलं नाही. शपथ मोडली ती मोडलीच. पुढं निरोप सांगायला दलाल लागेनासा झाला, अण्णा सरळ आमच्या दारात येऊ लागले. मामा ओट्यासमोरून जाताना "बरी हाय ना पोर?" विचारत, आणि आई आत निघून जाई. मामा गेले तेव्हाही ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. मला फार राग आला होता तिचा.

माझं लग्नाचं वय झालं, पाहुणे येऊ लागले. पहिल्यांदा पाहुणे आले त्या दिवशी चहा व्हायच्या आधी आई मुलाच्या आईला आतल्या खोलीत घेऊन गेली. मी दाराशी उभी. आईनं त्या बाईंचा हात आपल्या पदराखाली घेतला आणि हळू आवाजात माझ्या फिटांचं सगळं सांगितलं. त्या बाई चहा न घेता उठल्या. पुढच्यांना तसंच सांगितलं. त्याही गेल्या. मी म्हटलं, "आई, पुरे आता." ती म्हणाली, "सांगायचं."

मग आणखी एक बाई आल्या. सगळं ऐकूनही त्या उठल्या नाहीत. त्यांचा हात पदराखालीच होता. मग म्हणाल्या, "गोळी कोणत्या वेळेला देता?"

त्या माझ्या सासूबाई.