रोज फाटणारी ओटी

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना निबंधस्पर्धा झाली. विषय होता, माझ्या मनातला आदर्श समाज. कॉलेजातून एकच निबंध यवतमाळला जाणार होता आणि लिहिणाऱ्यानं तो तिथं सगळ्यांसमोर वाचायचा होता. मला ते जाणं हवं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मिरवण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं, माझं लिहिणं.

मी अकरा पानं लिहिली. वस्तीतल्या विहारात ऐकलेली भाषणं, वाचनालयातली पुस्तकं, समता, न्याय, करुणा, सगळं त्यात घातलं. शाईचा डाग पडला म्हणून चौथं पान दोनदा उतरून काढलं.

सरांनी वर्गात वाचून दाखवला तो दुसऱ्याच मुलीचा. अडीच पानांचा.

ती आमच्याच गावची, माझ्या घरापासून चौथ्या घरातली. आम्ही एकाच एसटीनं यायचो. कॉलेज सकाळचं असल्यानं ती रोज दुपारी आणि रविवारी दिवसभर कापूस वेचायला जायची, माझ्या आईच्याच टोळीत. मला मात्र आईनं कधी बांधावरही येऊ दिलं नाही. "तू पुस्तक धर," म्हणायची.

तिनं लिहिलं होतं ते असं. कापूस वेचताना प्रत्येक बाई कंबरेला ओटीची झोळी बांधते आणि आपल्या ओळी धरते, त्याला पात म्हणतात. आमच्या टोळीत जिची पात आधी संपते ती बांधावर बसत नाही. ती मागं वळते आणि मागं राहिलेल्या बाईच्या समोरून तिच्याच ओळीत वेचत येते. दोघी मधे कुठंतरी भेटतात. माझ्या मनातला समाज एवढाच आहे, की पुढं गेलेल्यानं वळावं.

"यात एकही मोठा शब्द नाही," सर म्हणाले, "आणि सगळं आलंय."

मोठा शब्द नाही, हे मला उद्देशूनच होतं असं वाटलं. मी उभी राहिले.

"सर, हे खोटं आहे. निंदणाला, तण काढायला, रोजावर जातात, तिथं बाया वळतात. वेचणी वजनावर असते. जिचं जेवढं वजन तेवढीच तिची मजुरी. तिथं कोणी दुसरीच्या ओळीत वेचून देत नाही."

सरांनी तिला विचारलं, "घडतं म्हणून लिहिलंस ना हे?"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही सर. वेचनीत कोनी वळत नाही."

"मग कल्पना आहे म्हणून लिहायचं होतं. खोटं उदाहरण यवतमाळला कसं पाठवू?" सरांनी तिची पानं बाजूला ठेवली आणि माझी अकरा उचलली.

परतीच्या एसटीत तिनं नेहमीसारखा रुमाल टाकून माझी जागा धरून ठेवली होती. "अकरा पानं हायेत बाई," ती म्हणाली, "मधात पानी प्यायले थांबजो." तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी जिंकल्याचं सांगितलं, कसं जिंकले तेही सांगितलं. आईचा हात थांबला.

"कोनी नाही वळत, हे खरं हाय," आई म्हणाली. "एक ते सोडून."

"कोण ते?"

"तेच पोरगी. माहं हे बोट वाकत नाही दिवाळीपासून. मी मागं पडतो. अवंदा अर्धी बोंडं झाडावरच सडली, कापूस कमी अन् बाया जास्त. जिचं वजन कमी तिले मुकादमीन म्हनते, उद्या येऊ नको. तं ते पोरगी तिची पात सरली का फिरते. माह्या ओटीत टाकते अन् म्हनते, मावशी, माही ओटी फाटली, सांडून राह्यलं, धर." आई हसली. "तिची ओटी रोजच फाटते."

"मले कायले नाही सांगितलं?"

"तू पुस्तकं सोडून आली असती."

वर्गात ती खोटं का बोलली ते मला कळलं. हो म्हणाली असती तर कोण कुणासाठी वळतं हे विचारलं गेलं असतं, आणि कॉलेजात आमच्या गावची आणखी मुलं होती. आईच्या वजनात दुसरीचा कापूस असतो ही गोष्ट मुकादमिणीपर्यंत जायला एक दिवसही लागला नसता.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले. आईचं नाव काढता येत नव्हतं. म्हणून जे माझ्यापुरतं खरं होतं तेच सांगितलं. "सर, मी आजवर एकदाही वेचायला गेलेली नाही. मी ऐकीव बोलले. तिचं खरं आहे. तिचाच निबंध पाठवा."

सरांनी बाजूला ठेवलेली तिची पानं पुन्हा पुढं ओढली. "मग वर्गात ती 'नाही' असं का म्हणाली?"

"ते तिला नका विचारू, सर."

त्यांनी विचारलं नाही. याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. तिचा निबंध गेला.

हे करून मन हलकं झालं असं मी लिहिलं तर ते माझ्या अकरा पानांसारखं होईल. तसं झालं नाही. ती यवतमाळला निघाली त्या सकाळी आईनं तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि तिच्या गालावरून ते न वाकणारं बोट फिरवलं. मी दारात उभी राहून बघत होते. माझी आई होती ती.

पुढच्या रविवारी मी आईचं न ऐकता वेचायला गेले. आईच्या शेजारची पात धरली. ठरवलं होतं की आपली पात आधी संपवायची आणि आईकडं वळायचं ते आपणच.

बोंडाची वाळलेली टोकं नखांत घुसत होती. सरकीसकट कापूस एका ओढीत निघायला हवा, माझ्या हातात अर्धाच यायचा आणि पालापाचोळा चिकटायचा. दुपारपर्यंत आईसुद्धा माझ्या कितीतरी पुढं गेली. कंबरेला बांधलेली माझी ओटी पोटाला चिकटून लोंबत होती.

समोरून कोणी वेचत येत असल्याची सळसळ ऐकू आली. मी मान वर केली नाही. माझ्याच ओळीत, माझ्याकडं तोंड करून ती आली आणि समोर थांबली.

"धर वं," ती म्हणाली. "माही ओटी फाटली."

मी तिच्या ओटीकडं पाहिलं. जाड शिवण होती, एक टाकाही सुटलेला नव्हता. नको म्हणावंसं वाटलं. तिच्यामागं आई उभी राहून आमच्याकडं बघत होती.

मी माझी ओटी पसरली.