भानुमतीची भरती

भानुमतीचं मराठी झाशीतच जन्मलं आणि झाशीतच वाढलं. माहेर ओरछा गेटजवळचं, घराण्यात लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या महालक्ष्मीची पूजा चालत आलेली. घरात मराठी, दारात हिंदी आणि शाळाही हिंदीच. लग्न होऊन ती सीपरी बाजारापलीकडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली, म्हणजे गावातल्या गावातच. नवरा विद्याधरराव गार्ड, सतत गाडीबरोबर बाहेर. भानुमती मात्र बीना जंक्शनच्या पुढे कधी गेली नव्हती.

चीनच्या लढाईनंतरची ती वर्षं. विद्याधररावांनी मुंबईचा पास काढला आणि पुढे लाँचने अलिबाग ठरलं. संध्याकाळी जेवणं झाली की समुद्रावर काय काय करायचं याच्याच गप्पा. लाटांत पाय बुडवायचे, वाळूत घोडागाडी पळवायची, शहाळी प्यायची, शिंपले वेचायचे. पाण्यातल्या किल्ल्यावर चालत जायचं, असंही विद्याधरराव म्हणाले होते. हे शेवटचं भानुमतीला थट्टेचं वाटलं. पाण्यात किल्ला असेल, पण मग चालत कसं जाणार? आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई नळाशी घसरल्या आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. ट्रंकेतून भानुमतीच्या साड्या तेवढ्या बाहेर आल्या आणि विद्याधरराव लेकीला, स्नेहलताला, घेऊन गेले.

दोघं परतायच्या आदल्या दुपारी रामसनेही दारात आला. गार्ड-ड्रायव्हरांना ड्युटीचे निरोप पोचवणारा हा कॉलमन रोजचाच, पण आज त्याने सायकल नीट स्टँडवर लावली. ते बघून भानुमती हातातलं काम टाकून दाराशी आली.

"बहूजी, बंबई से कंट्रोल में खबर आई है. भैयाजी भर्ती हैं. बिटिया भी साथ में. उतरते ही निकलेंगे, कल की मेल से."

काय झालं, कुठे झालं, त्याला माहीत नव्हतं. कंट्रोलच्या बाबूंनी फोनवर जेवढं ऐकलं तेवढंच त्याने आणलं होतं.

भानुमती उंबऱ्यातच बसली. दोघंही भर्ती, म्हणजे इस्पितळात, म्हणजे काहीतरी खाण्यातलं असणार. पण उतरते ही म्हणजे तर ताप. समुद्राच्या वाऱ्याने ताप येतो का? आणि तापातून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी मेल कशी पकडेल? शेजारची शकुंतला आली, तिने टायफॉइड सांगितला, मग स्वतःच म्हणाली की टायफॉइड एका दिवसात उतरत नाही. खाटेवरून सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. फौजेत भर्ती चालू आहे, तिकडे समुद्रावर जहाजाची फौज असते, धडधाकट माणूस बघून घेतला असेल ओढून. भानुमती म्हणाली, पंचेचाळिशीचा माणूस कोण घेणार, आणि सोबत पोरगी? सासूबाईंचं उत्तर तयार होतं. पोरगी तयार नसेल बापाला सोडून जायला.

यातल्या कशावरच भानुमतीचा विश्वास बसेना आणि यातलं काहीच मनातून जाईना. तिने पिशवी भरली. दोन साड्या, थर्मामीटर, थर्मास, मऊ खिचडीसाठी मुगाची डाळ. शकुंतलेला सासूबाईंपाशी बसवलं आणि रामसनेहीबरोबर कंट्रोल ऑफिस गाठलं. कोणतं इस्पितळ ते कळलं की रात्रीच्याच गाडीत बसायचं, एवढं तिने ठरवलं होतं.

बाबू भला माणूस. तिचा चेहरा बघून त्याने मुंबईची लाइन लावून दिली. पलीकडे विद्याधररावांचे दोस्त दत्तात्रेय होते, निरोप त्यांनीच दिलेला.

"वहिनी, काळजी नको, भरतीत अडकलाय फक्त."

"कोणत्या इस्पितळात?"

"इस्पितळ कुठलं? किल्ल्यात आहे."

"किल्ल्यात भर्ती करून घेतात?"

दत्तात्रेय लहान मुलीशी बोलावं तसे हळूहळू बोलू लागले.

"वहिनी, समुद्राची भरती. पाणी चढलंय. ओहोटी लागली की चालत बाहेर येतील."

पाणी चढलंय एवढंच तिला कळलं, आणि ते तर तापाहून भयंकर. ओहोटी काय लागते, ते कोणाला लागते? तिने पिशवीचे बंद घट्ट धरले. मग कुठूनतरी शाळेतला भूगोल आठवला, फळ्यावर खडूने काढलेला चंद्र आठवला.

"म्हणजे ज्वार-भाटा?"

"ज्वारी? ज्वारीचं काय मध्येच?"

शेजारचा बाबू मोठ्याने हसला आणि मान हलवत म्हणाला, हाँ हाँ, वही, ज्वार-भाटा. भरती-ओहोटी म्हणजेच ज्वार-भाटा, आणि उतरणार होतं ते पाणी, ताप नव्हे, असं मग सगळं उलगडलं. सकाळी पाणी ओसरलं होतं तेव्हा बापलेक चालत किल्ल्यावर गेले, तिथेच रमले आणि मागे वाट बुडाली. ते आत सुखरूप आहेत, पण लाँच चुकणार, म्हणून ते मुक्कामाला होते त्या घरच्या मालकांनी अलिबागहून दत्तात्रेयांना फोन केला होता. गार्डाच्या ड्युटीचा खोळंबा नको म्हणून त्यांनी पुढे कंट्रोलला कळवलं.

घरी येऊन तिने सासूबाईंना सांगितलं की दोघं धड आहेत. त्यांनी देवाला हात जोडले, पण बाकीचं त्यांना पटेना. रोज एवढं पाणी येतं आणि परत जातं, तर जातं कुठे? भानुमतीलाही ते सांगता येईना. तिला लक्ष्मी ताल ठाऊक. तो पावसात भरतो, उन्हाळ्यात आटतो, अध्येमध्ये कुठे जात नाही. शब्द मराठी, माणसं आपली, आणि तरी तिला तो हिंदीतून कळावा, याचं तिला मनातून लागत राहिलं. आपला नवरा या घटकेला चहूकडून पाण्यात बसलाय आणि ती थट्टा नव्हती, हेही.

सासूबाईंनी तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"इस्पितळासाठी भरली होतीस?"

"हो."

"मग समुद्रासाठी का भरली नाहीस? पाय माझा मोडलाय, तुझा नाही."

हा टोमणा होता की परवानगी, भानुमतीला कळेना. विचारायची सोय नव्हती, सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तिने पिशवीतून थर्मामीटर काढलं, थर्मास काढला, डाळ डब्यात ओतली. साड्या मात्र तशाच आत राहू दिल्या आणि पिशवी खुंटीला अडकवली. उद्याच्या मेलने निघणारा माणूस घरी आला की त्याला ती दिसेल अशी.